मोबाइलवर ध्वनिमुद्रण : ॲप घेण्यापूर्वी काय तपासावे?

गाणे-वाजवणे हा काहींचा छंद असतो आणि काहींचा पोटाचा धंदा. आता या दोहोंच्या मधोमध उभी असलेली तरुणांची एक मोठी फळी तयार झाली आहे. दिवसा यंत्रमागावर, दुकानात किंवा कॉलेजात असणारी ही मुले रात्री मोबाइलवर गाणी ध्वनिमुद्रित करतात. कुणी लग्नसमारंभात गातो, कुणी कव्वालीच्या पार्टीत ढोलक वाजवतो, तर कुणी आम्हा कापड दुकानदारांना सेलची जाहिरात बनवून देतो. पूर्वी या कामासाठी स्टुडिओत तासाच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत. आज स्टुडिओतील बरीचशी यंत्रे एका ॲपमध्ये येऊन बसली आहेत. म्हणूनच हा विषय व्यापाराच्या पानावर घेतला आहे. सुताराने रंधा घ्यावा किंवा शिंप्याने मशीन घ्यावे, तशीच ही हत्याराची खरेदी आहे. फरक एवढाच की रंधा फुकट मिळत नाही आणि ॲप पुष्कळदा फुकट मिळते. फुकटच्या वस्तूची पारख कुणी करीत नाही आणि सहा महिन्यांची मेहनत अडकून पडल्यावर मग धावपळ सुरू होते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. महागडा फोन आणि महागडे ॲप घेतले म्हणजे गाणे चांगले होते, असे मुलांना वाटते आणि त्यासाठी घरच्यांना हप्ते भरावे लागतात. अमेरिकेतील कॉम्प्टन शहराच्या स्टीव्ह लेसी या तरुणाचे उदाहरण पाहा. २०१७ साली निघालेला त्याचा पहिला छोटा संग्रह मुख्यतः आयफोनवर, गॅरेजबँड या ॲपमध्ये तयार झाला होता. गिटार फोनला जोडण्यासाठी आयरिग नावाची एक लहानशी डबी, आणि गाण्यासाठी फोनचाच मायक्रोफोन. त्याच वर्षी आलेल्या केंड्रिक लामारच्या ‘डॅम’ या अल्बममधील ‘प्राइड’ या गाण्याचे कामही त्याने असेच आयफोनवर सुरू केले. पुढे २०१८ मध्ये त्या अल्बमला पुलित्झर पारितोषिक मिळाले. लेसीजवळ भारी यंत्रसामग्री नव्हती. गिटार मात्र त्याला उत्तम येत होती.

काम कोणते, ते आधी ठरवा

दुकानात येऊन ‘चांगले कापड दाखवा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही पहिला प्रश्न विचारतो, शिवायचे काय? ॲपचेही तसेच आहे. सुचलेली चाल विसरू नये म्हणून टिपून ठेवायची असेल तर फोनमध्ये आधीपासून असलेला रेकॉर्डर पुरेसा आहे, दुसरे काही घेण्याची गरज नाही. रियाझासाठी तानपुरा आणि तबला हवा असेल तर त्याची स्वतंत्र ॲप्स आहेत. आयफोनवर आयतबला प्रो हे नाव गवय्यांमध्ये चांगले माहीत आहे, आणि अँड्रॉइडवरही तानपुऱ्याची साधी ॲप्स मिळतात. त्यात आपली पट्टी, म्हणजे काळी एक, पांढरी चार वगैरे लावून बसता येते.

पण एकावर एक आवाज चढवून पूर्ण गाणे तयार करावयाचे असेल, म्हणजे आधी ढोलक, मग हार्मोनियम, मग गायन, मग कोरस, तर त्यासाठी अनेक ट्रॅकचे ॲप लागते. या लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे. या प्रकारातही दोन घराणी आहेत. काही ॲप्स मूळची तयार ठेके आणि यांत्रिक वाद्ये जुळवण्यासाठी बनली आहेत, तर काही खरा आवाज मायक्रोफोनमधून घेण्यासाठी. रॅप करणाऱ्या मुलाचे काम पहिल्या प्रकारात सोपे होते. ज्याच्या घरी हार्मोनियम आणि ढोलक आहे त्याने दुसरा प्रकार पाहावा.

सूत वेगळे, कापड वेगळे

आता मुख्य मुद्दा. ॲप कोणतेही असो, त्यातून प्रत्येक ट्रॅक वेगळा आणि पूर्ण दर्जाचा बाहेर काढता येतो की नाही, हे पहिल्याच दिवशी तपासावे. बाकी सर्व सोयी यानंतर.

आमच्या धंद्यातील वाचकांना हे चटकन कळेल. सुताचे कोन वेगवेगळे ठेवलेले आहेत तोपर्यंत त्यातून हवे ते विणता येते, एखादा रंग बदलता येतो. एकदा ताणा-बाणा मागावर चढून ताका तयार झाला की त्यातून निळा धागा तेवढा काढून लाल घालता येत नाही. गाण्याचेही असेच आहे. ढोलक, हार्मोनियम, गायन हे वेगवेगळे ट्रॅक म्हणजे सूत, आणि सगळे मिसळून तयार झालेली एक फाइल म्हणजे विणलेले कापड. मिसळलेल्या फाइलमधून आवाज वेगळे काढणारी साधने अलीकडे निघाली आहेत, पण जुन्या कापडातून उसवून काढलेल्या सुताची जी गत होते तीच त्या आवाजाची होते.

यातून नुकसान कसे होते ते सांगतो. आमच्या ओळखीच्या एका मुलाने दुकानासाठी सेलची जाहिरात बनवून दिली होती. ढोलकचा ठेका, मागे छोटीशी धून, वर त्याचा आवाज. जाहिरात लोकांना आवडली. पुढच्या हंगामात त्याला निरोप पाठवला की धून तीच ठेव, फक्त तारखा आणि भाव बदलून दे, पैसे आधीइतकेच देऊ. दोन दिवसांनी तो तोंड पाडून आला. म्हणाला, “चाचा, मोबाइल बदलला, त्यात ॲप गेले. माझ्याकडे फक्त तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइलच आहे.” त्या फाइलमध्ये जुन्या तारखा धुनेत विणल्या गेल्या होत्या. काम अर्ध्या तासाचे होते, पण ते त्याला पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. ढोलकवाला तोवर बाहेरगावी गेलेला, त्यामुळे पहिल्यासारखे झाले नाही ते नाहीच. शेजारच्या दोन दुकानदारांनाही तशीच जाहिरात हवी होती. त्यांनी वाट पाहिली नाही.

म्हणून मागणी करताना दोन शब्द लक्षात ठेवावेत. एक ‘स्टेम्स’, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक. दुसरा ‘वेव्ह’, म्हणजे आवाज न दाबता ठेवणारी फाइल. एमपीथ्री फाइल लहान असते. १२८ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला सुमारे एक एमबी घेते, तर साध्या सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला दहा एमबीपेक्षा थोडी जास्त. एमपीथ्री करताना जे कमी केले जाते ते पुन्हा वेव्ह केल्याने परत येत नाही. ऐकणाऱ्याला एमपीथ्री देण्यास हरकत नाही, पण आपल्या घरात वेव्हच असावी. आठ ट्रॅकचे पाच मिनिटांचे गाणे २४ बिट, ४८,००० हर्ट्झवर घेतले आणि प्रत्येक ट्रॅक मोनो असला, तर सगळे मिळून साधारण ३४५ एमबी होतात. दहा गाण्यांना साडेतीन जीबी. म्हणजे अशी जवळपास नव्वद गाणी ३२ जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये मावतात. एवढी स्वस्त गोदामाची जागा कापड व्यापाऱ्याला आयुष्यात मिळत नाही!

व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवायची वेळ आलीच तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. तशी पाठवली की ती जशीच्या तशी पोहोचते. व्हॉइस मेसेज म्हणून मात्र कधीही पाठवू नये.

आवाजाचा उशीर

दुसरी तपासणी फोनची. बोलल्यापासून तो आवाज फोनमधून फिरून आपल्याच कानात परत येईपर्यंत जो वेळ जातो त्याला लेटन्सी म्हणतात. हा वेळ मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर, म्हणजे फूटभर चालतो. तेव्हा दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ढोलकवाला आपल्यापासून दहा-अकरा फुटांवर बसला आहे असे समजावे. एवढे चालते. पण दोनशे मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ढोलकवाला जवळपास सत्तर मीटर लांब बसला. अशा ढोलकवाल्याबरोबर कोणता गवय्या लयीत गाईल?

ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये नेमका असाच शे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर पुष्कळदा असतो. ध्वनिमुद्रण करताना ते बाजूला ठेवावेत आणि तारेचे इअरफोन लावावेत. आयफोनवर हा प्रश्न पूर्वीपासून कमी आहे, आणि संगीताची ॲप्स तिकडे आधी वाढली त्याचे हे एक मोठे कारण होते. अँड्रॉइडमध्ये सुधारणा हळूहळू झाली. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ‘प्रो ऑडिओ’ अशी एक कसोटी ठरवण्यात आली. ज्या फोनमध्ये हा येण्या-जाण्याचा उशीर २० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी असेल त्यालाच तेव्हा ती खूण मिळत असे. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये आवाजासाठी नवा जलद मार्ग आला. तरीही स्वस्त फोन या कसोटीला उतरेलच असे नाही, आणि दुकानदाराला विचारून उपयोग नाही, कारण तो कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगेल.

तपासणी सोपी आहे. ॲपमध्ये स्वतःचा आवाज ऐकण्याची सोय चालू करावी, तारेचे इअरफोन कानात घालावेत आणि माइकजवळ ‘टक्’ असा आवाज करावा. एकच ‘टक्’ ऐकू आला तर ठीक. दोन वेगळे ऐकू आले तर त्या फोनवर ती सोय बंदच ठेवावी. मग एक कान उघडा ठेवून आपला खरा आवाज ऐकत गावे आणि ट्रॅक मागे पडला असल्यास नंतर तो ॲपमध्ये पुढे सरकवावा. हा ओढूनताणून केलेला उपाय वाटेल, परंतु नवा फोन घेण्यापेक्षा स्वस्त आहे.

फोनमध्ये आणखी एक खोड असते. बोलताना मागचा गोंगाट कमी व्हावा म्हणून फोन आपण होऊन आवाज गाळतो. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो पंख्याचा असे समजून तो दाबला जातो. आता हार्मोनियमचा धरून ठेवलेला सूर किंवा तानपुरा हाही एकसारखाच आवाज आहे! त्यामुळे गायन स्वच्छ येते आणि मागचा सूर मात्र विरत जातो. ॲपच्या सेटिंगमध्ये ही गाळणी बंद करण्याची सोय आहे का ते पाहावे. नसेल तर हार्मोनियमवर एक सूर वीस सेकंद धरून ध्वनिमुद्रित करावा. शेवटी तो क्षीण झाला असेल तर त्या ॲपमध्ये आपले काम होणार नाही.

नावानिशी काही ॲप्स

गॅरेजबँड हे ॲपल कंपनीचे. २०११ मध्ये ते आधी आयपॅडवर आणि मग आयफोनवर आले, आणि २०१७ पासून सर्वांना विनामूल्य आहे. ३२ पर्यंत ट्रॅक मिळतात. ज्याच्या घरी आयफोन आहे त्याने दुसरीकडे पाहण्याआधी यावर वर्षभर हात बसवावा. मात्र अँड्रॉइडवर ते मिळत नाही. त्यात दोन अडचणी येतात, त्या माहीत असाव्यात. एक, नवीन गाण्याचा भाग मुळात आठ बारांचा, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या आठ आवर्तनांचा ठरवलेला असतो, त्यामुळे नवखा गायक मध्येच तोडला जातो. त्या भागाची लांबी ‘ऑटोमॅटिक’ करावी. दोन, फोनवरून सगळे ट्रॅक एकदम वेगवेगळे काढता येत नाहीत. एकेक ट्रॅक एकटा वाजता ठेवून त्याची फाइल काढावी लागते. वेळ जातो, पण काम होते.

सिंगापूरचे बँडलॅब अँड्रॉइडवरही चालते, आयफोनवरही आणि संगणकाच्या ब्राउझरमध्येही. मूळ वापर विनामूल्य आहे, काही जास्तीच्या सोयींना वर्गणी आहे. मालेगावचा गायक आणि हैदराबादचा ढोलकवाला एकाच गाण्यावर आपापल्या घरून काम करू शकतात, ही त्याची मोठी सोय. ब्राउझरमधून वेगवेगळे ट्रॅकही उतरवून घेता येतात. माल कंपनीच्या गोदामात, म्हणजे इंटरनेटवरील साठ्यात राहतो, हे लक्षात ठेवून दर आठवड्याला तो घरी आणावा. गाणे लोकांसमोर ठेवताना ‘फोर्क’ची परवानगी दिली तर कुणीही त्या गाण्यावरून आपली वेगळी आवृत्ती करू शकतो. मुले न वाचता ती खूण तशीच सोडतात. बँडलॅबमध्ये सूर आपोआप दुरुस्त करणारी ऑटोपिच ही सोयही आहे आणि मुले तिच्यावर खूश असतात. परंतु मींड घेतली की ती यंत्राला चूक वाटते आणि सरळ पायऱ्या पडतात. आमच्या मते ती कमीत कमी वापरावी. जिथे सूर लागला नाही तिथे पुन्हा गावे.

बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचे एफएल स्टुडिओ मोबाइल एकदाच पैसे देऊन मिळते आणि ठेके, बीट्स तयार करणाऱ्यांसाठी ते सोयीचे आहे. पुढे संगणकावरील एफएल स्टुडिओ घेतला तर हे काम त्यात उघडता येते. खऱ्या वाद्यांसाठी अँड्रॉइडवर नेदरलँड्सचे ऑडिओ इव्होल्यूशन मोबाइल पाहावे. यूएसबीवरून जोडलेल्या माइकच्या डबीसाठी त्याचा स्वतःचा ड्रायव्हर आहे, मात्र त्याचे पैसे वेगळे लागू शकतात हे धरून चालावे. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीचे क्युबेसिस २०१२ मध्ये आयपॅडसाठी निघाले आणि २०२० मध्ये अँड्रॉइडवर आले. किंमत जास्त, पण तीही एकदाच. त्यातील काम संगणकावरील क्युबेसमध्ये नेता येते, आणि क्युबेस पुष्कळ व्यावसायिक स्टुडिओंमध्ये असतो. ज्याला पुढे स्टुडिओत जाऊन गाणे पुरे करावयाचे आहे त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

ही सर्व ॲप्स परदेशात, परदेशी संगीतासाठी बनली आहेत. ताल चारचा असेल तर काही अडत नाही. केरवा आठ मात्रांचा, तीनताल सोळा मात्रांचा, दोन्ही आरामात बसतात. दादरा सहाचा, तोही बसतो. पण रूपक सात मात्रांचा आणि झपताल दहाचा. आयफोनवरील गॅरेजबँडमध्ये ४/४, ३/४ आणि ६/८ एवढेच पर्याय आहेत. तिथे रूपकातील गझल घ्यायची तर ॲपची टिकटिक बंद करून आधी तबल्याचा पूर्ण ट्रॅक घ्यावा आणि त्यावर बाकीचे चढवावे. इतर कोणतेही ॲप पैसे देऊन घेण्याआधी सात मात्रांचा ठेका लावून पाहावा. मेनू इंग्रजीत असतात म्हणून घाबरू नये. उर्दू-मराठीत शिकलेली मुले खुणांवरून दोन दिवसांत सगळे शिकतात, हे मी पाहिले आहे.

एकदाची किंमत की दरमहा वर्गणी?

वर्गणीचा हिशेब वर्षाचा करावा. समजा एखाद्या ॲपला महिन्याला अडीचशे रुपये आहेत. वर्षाचे तीन हजार झाले, पाच वर्षांचे पंधरा हजार. तेवढ्यात यूएसबीची डबी, एक बरा माइक आणि एकदाच्या किमतीचे ॲप यांची सोय बघता येते. वर्गणी नेहमीच वाईट असे मात्र नाही. ज्याला एका कामापुरते दोन महिने ॲप हवे आहे त्याने वर्गणी भरावी आणि बंद करावी. ॲपलने २०२३ मध्ये आयपॅडसाठी लॉजिक प्रो आणले, तेही वर्गणीवरच. प्रश्न इतकाच विचारावा, वर्गणी थांबली तर माझे जुने गाणे उघडेल का? की नुसते ऐकता येईल?

फोनवरून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद होत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्ये जाऊन सब्स्क्रिप्शन वेगळे रद्द करावे लागते. सात दिवस फुकट म्हणून घेतलेले ॲप आठव्या दिवशी खात्यातून पैसे कापते, कारण मंजुरी आपण पहिल्या दिवशीच दिलेली असते.

मोठ्या कंपनीचे ॲप कायम राहील असाही भरवसा नको. ॲपलनेच २०१६ मध्ये म्युझिक मेमोज नावाचे चाली टिपण्याचे ॲप काढले आणि २०२१ मध्ये बंद केले. साउंडट्रॅप हे ॲप स्पॉटिफायने २०१७ मध्ये विकत घेतले आणि २०२३ मध्ये मूळ संस्थापकांना परत विकले. २०१७ च्या आयओएस ११ मध्ये ३२ बिटची सारी जुनी ॲप्स एका दिवसात उघडेनाशी झाली. पेढी बदलते, मालक बदलतो. ज्याचा माल आपल्या कोठीत आहे त्याला फिकीर नाही.

गाठींच्या मध्ये गाणे

खोलीबद्दल थोडे, कारण यात पैसे वाचतात. रिकाम्या, फरशी-भिंतीच्या खोलीत आवाज घुमतो आणि एकदा घुमलेला आवाज ॲपने साफ होत नाही. कापड हे घुमणारा आवाज शोषते. भिंतींशी ताक्यांच्या थप्प्या लावलेले कापडाचे गोदाम, दुकान बंद झाल्यावर, गायनासाठी उत्तम जागा आहे. घरी असेल तर मागे आणि दोन्ही बाजूंना जाड रजया टांगाव्यात. परंतु शेजारच्या यंत्रमागाची धडधड रजईने थांबत नाही. ती जमिनीतून आणि भिंतीतून येते. त्याला उपाय एकच, कारखाना बंद असेल त्या वेळी गाणे. फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा, वीतभर अंतरावरून गावे, आणि आवाजाची पट्टी लाल रंगाला कधीही लागू देऊ नये. सर्वांत मोठी तान घेऊन पाहावी आणि तरीही थोडी जागा राहील असे ठेवावे.

मालकी कुणाची?

भांडणे होतात ती इथे. तिघांनी मिळून गाणे केले, फोन चौथ्याचा, ॲपमधील खातेही त्याचेच. गाणे चालले की मालक कोण? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गीताचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याकडे जातो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करविले त्याच्याकडे, आणि तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. मित्रांमध्ये पुढाकार कुणाचा होता हे नंतर सिद्ध करणे कठीण. म्हणून कामाआधीच एका कागदावर चार ओळी लिहाव्यात, शब्द कुणाचे, चाल कुणाची, ध्वनिमुद्रण कुणाचे, आणि पैसा आला तर वाटणी कशी. भागीदारीचा दुकानदार पहिल्या दिवशी लिखापढी करतो, मग गवय्याने का करू नये?

दुसऱ्याचे जुने गाणे स्वतःच्या आवाजात गाऊन विकावयाचे असेल तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यावर पाच वर्षे जावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते आणि मूळ हक्कदारांना रॉयल्टी भरावी लागते. ‘फक्त इंटरनेटवर टाकले आहे’ हे उत्तर चालत नाही.

ॲपमध्ये तयार मिळणाऱ्या लूप्सची, म्हणजे छोट्या तयार तुकड्यांचीही अट वाचावी. ॲपलच्या लूप्स आपल्या गाण्यात घालून ते गाणे विकता येते, परंतु त्या लूप्स सुट्या करून विकता येत नाहीत. आणि तीच लूप जगात हजारो लोकांकडे आहे. केवळ लूपवर उभ्या असलेल्या गाण्यावर ‘हा माझा माल’ असा दावा लावला की दुसऱ्याच्या गाण्याशी टक्कर होते आणि यूट्यूबवर दोघांचे पैसे अडकतात. आपल्या ढोलकवाल्याकडून दोन मिनिटांचा ठेका वाजवून घेतला तर ही कटकट राहत नाही, आणि त्या गरिबालाही काम मिळते.

कमाईविषयी मुलांच्या कल्पना भलत्याच असतात. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादे गाणे बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकले गेले नाही तर त्या ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळत नाहीत. तेव्हा सुरुवातीची कमाई जाहिराती, लग्नसमारंभ आणि स्थानिक कामांतूनच येणार असे धरावे. आणि तिथे गिऱ्हाईक वारंवार छोटे बदल मागते, म्हणून वेगळे ट्रॅक जवळ असलेला मुलगाच टिकतो.

ॲप घेतल्याच्या पहिल्या संध्याकाळी पूर्ण गाणे करू नये. एक मिनिटाचा ढोलक, त्यावर एक मिनिटाचे गायन, एवढेच घ्यावे. दोन्ही ट्रॅक वेगवेगळे वेव्हमध्ये काढावेत, दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर नेऊन वाजवावेत आणि दोन्ही एकाच क्षणाला सुरू होऊन शेवटपर्यंत लयीत राहतात का ते ऐकावे. हे जमले तरच पैसे भरावेत. पुढे प्रत्येक गाण्याच्या दोन प्रती असाव्यात, एक फोनबाहेर घरात आणि एक दुसऱ्या ठिकाणी. फाइलच्या नावातच गाण्याचे नाव, पट्टी, तारीख आणि लय लिहून ठेवावी. लय म्हणजे मिनिटाला किती ठोके तो आकडा. स्टुडिओवाला फाइल उघडण्याआधी तोच विचारतो.